हाताखालच्या माणसांची उमेद टिकवायची कशी?

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेलचा कारखाना असो, गणवेश शिवणारे युनिट असो, एखाद्या रुग्णालयाचे कार्यालय असो किंवा पतसंस्थेची शाखा असो, सोलापुरात व्यवस्थापकाच्या खुर्चीवर बसणारी बरीच माणसे कालपर्यंत तेच काम स्वतःच्या हाताने करत होती. काम उत्तम येते म्हणून त्यांना बढती मिळते. परंतु दहा-पंधरा जणांकडून काम करून घेणे ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकवणारे सहसा कोणी भेटत नाही. मग नवा व्यवस्थापक इतरत्र पाहिलेलेच करू लागतो. सकाळी छोटे भाषण, भिंतीवर सुविचार, महिन्याच्या शेवटी एखादे बक्षीस. दोन महिन्यांत भाषणाकडे कोणी लक्ष देईनासे होते आणि खाडे होते तितकेच राहतात.

या लेखात माझा एकच आग्रह आहे. माणसांत उत्साह भरण्याचा विचार करण्यापूर्वी, त्यांच्याजवळ असलेला उत्साह रोजच्या कामात कुठे खर्ची पडतो ते शोधावे आणि ती कारणे एकेक करून दूर करावीत. कामावर रुजू होताना जवळपास प्रत्येक जण चांगले काम करण्याच्या इराद्यानेच येतो. सहा महिन्यांनी तोच माणूस "मला काय करायचंय" असे म्हणू लागला असेल, तर मधल्या काळात काय घडले हे तपासणे ही व्यवस्थापकाची पहिली जबाबदारी आहे.

आधी कामाशेजारी बसावे

पहिले पंधरा दिवस कोणतीही नवी योजना जाहीर करू नये. रोज अर्धा-पाऊण तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी, एका वेळी एकाच माणसाजवळ बसावे. केबिनमध्ये बोलावून विचारले तर "सगळं ठीक आहे, साहेब" एवढेच उत्तर मिळते, कारण केबिनमध्ये बोलावले म्हणजे काहीतरी चुकले असणार अशी बहुतेकांची समजूत असते. हात चालू असताना माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो. काल काम कशामुळे अडले, कोणते काम पुन्हा करावे लागते आणि परवानगी मिळाली तर कोणती गोष्ट उद्याच बदलाल, एवढे विचारावे. समोर वही उघडून बसू नये. ऐकलेले नंतर लिहून ठेवावे.

टॉवेलच्या हेमिंग, म्हणजे काठ शिवण्याच्या, विभागाचे उदाहरण घेऊ. समजा, दुपारपर्यंत नग कमी भरतात आणि बायका गप्पा मारत बसतात असा मालकांचा समज झालेला आहे. शेजारी बसल्यावर मात्र असे लक्षात येते की एका रंगाचा दोरा सकाळीच संपतो, स्टोअरची किल्ली एकाच माणसाकडे असते, तो साडेदहाला येतो आणि तोवर चार मशिनी थांबून राहतात. मशिनी थांबल्या की पुढे चेकिंगच्या टेबलावर माल येत नाही आणि तिथल्या बायकाही रिकाम्या बसतात. नगावर मजुरी मिळणाऱ्या बाईच्या दृष्टीने तेवढा वेळ म्हणजे बुडालेली कमाई असते आणि वर तिलाच कामचुकार म्हटले जाते. अशा ठिकाणी जिद्दीवर भाषण देणे हा तिचा अपमान आहे. उद्या लागणाऱ्या दोऱ्याचे कोन (मोठी रिळे) आदल्या संध्याकाळी टेबलाजवळ काढून ठेवले तर ही अडचण संपते आणि त्याला वेगळा खर्चही येत नाही.

अशा अडचणींपैकी आपल्या अधिकारात बसणारी निदान एक गोष्ट त्याच आठवड्यात सोडवावी आणि ती कोणी सुचवली होती हे सर्वांसमोर सांगावे. जी सोडवणे आपल्या हातात नाही, ती सांगणाऱ्या माणसाकडे परत जाऊन "हे मी मालकांपुढे ठेवले आहे, निर्णय अमुक तारखेपर्यंत होईल" किंवा "हे यंदा होणार नाही, त्याचे कारण हे आहे" असे स्पष्ट सांगावे. स्पष्ट नकार माणसे पचवतात. विचारून घेतले आणि पुढे कोणी काही बोललेच नाही, हा अनुभव मात्र ती विसरत नाहीत आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाहीत.

सोलापुरात या सगळ्यात भाषेचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि बाहेरून आलेल्या व्यवस्थापकांच्या तो उशिरा लक्षात येतो. एकाच पाळीत घरी तेलुगू बोलणारे पद्मशाली कुटुंबातील लोक असतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणारे कन्नड बोलणारे असतात, दखनी बोलणारे असतात आणि मराठी बोलणारेही असतात. कामापुरती मराठी सर्वांना येते, पण तक्रार, शंका आणि नाराजी माणूस आपल्या घरच्या भाषेत नीट मांडतो. बैठकीत गप्प बसणारी अक्का शेजारणीला तेलुगूत त्याच अडचणीचे इतके नेमके विश्लेषण सांगत असते की ते ऐकल्यावर व्यवस्थापकाने आपला आराखडा बदलावा. म्हणून ज्याला ती भाषा येते अशा सहकाऱ्याची मदत घ्यावी. मात्र दर वेळी एकाच माणसाला मध्यस्थ करू नये. तसे केल्यास काही दिवसांत तो माणूस ठरवू लागतो की कोणाचे म्हणणे साहेबांपर्यंत पोहोचू द्यायचे आणि कोणाचे नाही. स्वतः त्या भाषेतील चार-दोन वाक्ये शिकून घेतली तर उत्तमच.

पैशाविषयी स्पष्ट बोलावे

पैसा हेच सर्व काही नाही असे पगाराच्या विषयावर व्यवस्थापक सहज म्हणून जातात. ज्याचा पगार वेळेवर होतो त्याने ते म्हणावे, ज्याचा होत नाही त्याला ते ऐकवू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंत्यांना आणि हिशेबनीसांना, कामावर असताना कधी अतिशय समाधान वाटले आणि कधी अतिशय वाईट वाटले, हे विचारले होते. नाराजीच्या आठवणी प्रामुख्याने कंपनीची धोरणे, वरिष्ठांचे वागणे, पगार आणि कामाच्या जागेची परिस्थिती यांच्याशी निगडित होत्या. समाधानाच्या आठवणी मात्र हातून काही घडल्याची जाणीव, मिळालेली दाद, कामाचे स्वरूप आणि सोपवलेली जबाबदारी यांच्याशी जोडलेल्या होत्या. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. तरीही पर्यवेक्षकाने ध्यानात ठेवावा असा धडा त्यातून मिळतो. पहिल्या गटातील गोष्टी बिघडलेल्या असतील तर दुसऱ्या गटातील कौतुक कोरडे वाटते.

म्हणून क्रम पाळावा. महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत हातात पडली पाहिजे, हे कायद्याला तर अपेक्षित आहेच, पण घरभाडे, किराणा आणि बचत गटाचा हप्ता त्या तारखेवर अवलंबून असतो म्हणूनही त्याला महत्त्व आहे. ओव्हरटाइमची मजुरी दुप्पट दराने द्यावी लागते, याची माहिती कामगारांना व्यवस्थापकानेच द्यावी. ती त्यांना बाहेरून कळली तर विश्वास तुटतो. बोनस किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के या मर्यादेत असतो. तो किती मिळणार आणि कोणत्या तारखेला मिळणार हे दिवाळीच्या तोंडावर कुजबुजीतून पसरण्यापेक्षा तीन-चार आठवडे आधी फलकावर लिहिलेले बरे.

नगावरच्या मजुरीत दर कमी असल्याची तक्रार असते, तशी हिशेब कळत नसल्याचीही असते, आणि माझ्या मते जास्त चीड दुसऱ्या गोष्टीची येते. कोणत्या मापाच्या टॉवेलला काय दर आहे, सेकंडमध्ये, म्हणजे सदोष मालात, गेलेला नग कसा मोजला जातो, दोष सुतात असेल तर मजुरी कापली जाते की नाही, हे सर्व कामगारांना वाचता येईल अशा भाषेत भिंतीवर लावावे. ज्या दोषाला शिवणारी बाई कारणीभूत नाही, त्यापोटी तिची मजुरी कापू नये. उचल देण्याचा नियमही सर्वांना सारखा असावा. एकाला मागताक्षणी पाच हजार मिळतात आणि दुसऱ्याला मुलाच्या आजारपणातही चार खेपा घालाव्या लागतात, ही बातमी संध्याकाळच्या आत सगळीकडे पोहोचते.

पगारवाढ आपल्या हातात नसते, हे बहुतेक व्यवस्थापकांचे म्हणणे खरे आहे. तरीही मालकांपुढे बाजू मांडणे हातात असते आणि ती आकड्यांनी मांडावी. गेल्या सहा महिन्यांत किती जण सोडून गेले, त्यांच्या जागी आलेल्यांचा हात बसायला किती आठवडे लागले, त्या काळात सेकंडचे प्रमाण किती वाढले, हे एका कागदावर लिहून नेले तर "कामगारांना कितीही द्या, कमीच" या उत्तरापुढे चर्चा सरकते. आपला साहेब आपल्यासाठी वर जाऊन बोलतो हे कळल्यावर मागणी पूर्ण झाली नाही तरी माणसे त्याच्या शब्दाला किंमत देतात.

कामाच्या जागेविषयी थोडक्यात सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून अधिक भाजते. गठ्ठे उचलण्यासारखी जड कामे सकाळी लवकर उरकावीत, पाण्याची टाकी भरलेली आहे की नाही हे स्वतः पाहावे, पंखे कोणाच्या डोक्यावर आहेत आणि कोणाच्या नाहीत हे पाहावे. महिलांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का आणि तिथे पाणी येते का, हे विचारायला संकोच वाटत असेल तर एखाद्या ज्येष्ठ महिला सहकाऱ्याकडे ते काम अधिकृतपणे सोपवावे.

"आपण सगळे एक कुटुंब" असे म्हणण्यापूर्वी

या शहरात १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली आणि पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर शहराचे घड्याळ चालत असे. त्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा हजारो घरांचा पगार थांबला, आणि ज्यांच्या घरात ते घडले त्यांची मुले-नातवंडे आज आपल्या हाताखाली काम करत आहेत. कारखाना कुटुंबासारखा आहे, असे कोणी म्हणाले की त्या घरांत वाढलेला माणूस मनात काय म्हणत असेल याचा विचार करावा. माझा सल्ला असा की मोठे शब्द वापरण्याऐवजी खरी माहिती द्यावी. हातात किती दिवसांच्या ऑर्डरी आहेत, सुताचे भाव वाढल्याने कोणता माल कमी होणार आहे, पुढच्या महिन्यात दुसरी पाळी चालेल की नाही, हे महिन्यातून एकदा उभ्या-उभ्या दहा मिनिटांत सांगावे. वाईट बातमी असेल तर तीही लपवू नये. जे ठाऊक नसते त्याची जागा अफवा घेतात आणि अफवेने धास्तावलेला माणूस कामात लक्ष घालू शकत नाही.

कामाची गोडी

वरची व्यवस्था लागली की खरी संधी सुरू होते. चेकिंगच्या टेबलावर रोज शेकडो नग उलटेपालटे करणाऱ्या बाईला ते टॉवेल कुठे जातात हे अनेकदा माहीत नसते. ते हॉटेलात जाणार असतील तर तिथे ते वारंवार धुतले जाणार आहेत आणि म्हणून काठाची शिवण सुटता कामा नये, हे तिला समजावून सांगावे. ग्राहकाकडून तक्रार आली तर पत्राचा सारांश सांगून न थांबता परत आलेला नग तिच्या हातात द्यावा आणि हा दोष आपल्याकडून कसा सुटला असावा हे तिलाच विचारावे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या गावाच्या नावाने माल विकला जातो तो ज्यांच्या हातांमुळे, त्यांना ते कधीतरी सविस्तर सांगितले गेले पाहिजे.

त्याचबरोबर ठरवण्याचा थोडा अधिकार द्यावा. टेबलांची मांडणी, कोणता गठ्ठा आधी घ्यायचा, जेवणाच्या सुट्टीत मशिनी आळीपाळीने चालू ठेवायच्या की एकदम बंद करायच्या, असे निर्णय ते काम करणाऱ्यांनीच घ्यावेत. त्यांनी घेतलेला निर्णय आपल्याला थोडा कमी पटला तरी पंधरा दिवस चालू द्यावा आणि मग आकडे समोर ठेवून एकत्र बसावे. दोनच दिवसांत हस्तक्षेप केला तर दिलेला अधिकार नावापुरता होता असे सिद्ध होते. ज्याला हेमिंग येते त्याला कटिंग शिकू द्यावे, ज्याला चांगले लिहिता येते त्याच्याकडे नोंदवही द्यावी. नवे काम शिकताना सुरुवातीला नग कमी निघतात, म्हणून त्या दिवसांची मजुरी रोजंदारीने द्यावी. नाहीतर शिकणे परवडत नाही म्हणून कोणी पुढे येणार नाही.

बक्षिसांच्या बाबतीत मात्र मी सावध राहायला सांगेन. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. ज्या गटाला मधल्या टप्प्यात प्रत्येक कोड्यामागे पैसे मिळाले, त्या गटाचा कोड्यांतील रस पैसे बंद झाल्यावर घटलेला दिसला. आवडीने सोडवायचे कोडे आणि पोटासाठी करायचे काम यांत अंतर आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा कारखान्याला लावता येणार नाही. परंतु बक्षिसाचा परिणाम नेहमी चांगलाच होतो हा समज सोडून द्यायला तो पुरेसा आहे. "महिन्याचा उत्कृष्ट कामगार" म्हणून एकाचा फोटो लागतो तेव्हा उरलेले अकरा जण, याच्यात काय आहे जे आमच्यात नाही, हा हिशेब करत राहतात आणि निवडीचा निकष स्पष्ट नसेल तर तो फोटो मिरवणाऱ्यालाच जड जातो. पूर्ण हजेरीच्या बक्षिसामुळे तापाने फणफणलेले मूल घरी ठेवून कामावर येणारी आई तयार होते. बक्षीस द्यायचेच असेल तर ते पूर्ण गटाला, सर्वांना मोजता येईल अशा गोष्टीसाठी द्यावे; उदाहरणार्थ, महिन्यात परत आलेल्या मालाचे प्रमाण ठरलेल्या आकड्याखाली राहिले तर सर्वांना सारखी रक्कम.

कौतुकाला पैसे लागत नाहीत, पण नेमकेपणा लागतो. "छान काम" हे वाक्य रोज ऐकून निरर्थक होते. त्याऐवजी "अक्का, काल त्या निळ्या गठ्ठ्यातला उसवलेला काठ तुम्ही पकडलात म्हणून गाडी थांबवून बाकीचे गठ्ठे तपासता आले" असे सांगितले तर काय केले, त्याचा उपयोग काय झाला आणि ते कोणी पाहिले हे तिन्ही कळते. हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सांगावे. चूक दाखवायची असेल तर ती बाजूला घेऊन, त्या कामापुरती आणि शांत आवाजात दाखवावी. आपल्याकडे एकाच कारखान्यातले अनेक जण एकाच वस्तीत राहतात. कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, येणाऱ्या बाईला सकाळी चारचौघांत झालेला अपमान संध्याकाळी घराच्या दारापर्यंत सोबत येतो, कारण ज्यांनी तो पाहिला त्या तिच्या शेजारणी असतात. अशा एका प्रसंगाने गेलेला आदर वर्षभराच्या चांगल्या वागण्यानेही पूर्ण परत येत नाही.

सुट्ट्या, खाडे आणि न जुळणारी माणसे

न सांगता होणाऱ्या खाड्यांचे मूळ पुष्कळदा सुट्टीच्या नियोजनात असते. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, आषाढीला पंढरपूर, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, रमजान ईद, खेड्यांतून येणाऱ्यांसाठी रब्बी ज्वारीची काढणी, या गोष्टी दर वर्षी येणारच आहेत. त्या दिवसांत सुट्टी नाकारली तरी माणूस जातोच, फक्त न सांगता जातो. म्हणून डिसेंबरमध्येच वर्षाचे मोठे कॅलेंडर भिंतीवर लावून, एका दिवशी जास्तीत जास्त किती जण सुट्टी घेऊ शकतील एवढी मर्यादा सांगावी आणि वाटणी गटावर सोपवावी. यात्रेच्या दिवसांत इतर धर्मांचे सहकारी काम सांभाळतात आणि ईदला त्याची परतफेड होते, अशी समजूत गटात आपोआप तयार होते; व्यवस्थापकाने तिला फक्त जागा द्यावी.

चांगले काम करणारा माणूस अचानक ढिला पडला तर त्याला एकट्याला भेटून "गेल्या दोन आठवड्यांत तुमचे काम पूर्वीसारखे दिसत नाही, काही अडचण आहे का?" असे विचारावे आणि नंतर गप्प राहावे. कर्ज, आजारपण, घरातले भांडण, यांपैकी काहीही असू शकते; त्याने सांगितले तेवढेच ऐकावे, खोदून विचारू नये. पाळी बदलून देणे किंवा काही दिवस हलके काम देणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. याउलट, जो सहकाऱ्यांना दमदाटी करतो, दुसऱ्याचे नग आपल्या नावावर लावतो किंवा महिलांशी वाईट वागतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये, मग तो कितीही कुशल कारागीर असो. दहा किंवा अधिक जण काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. समितीतील सदस्यांची नावे सर्वांना दिसतील अशी लावावीत. ज्या ठिकाणी भीती आहे तिथे वर सांगितलेल्या बाकीच्या उपायांचा काही उपयोग होत नाही.

कार्यालयीन कामातील तरुणांचा प्रश्न थोडा निराळा आहे. पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी संधी मिळताच पुण्याला किंवा हैदराबादला जाणार, हे गृहीत धरून त्यांना काही शिकवायचेच नाही असे धोरण अनेक ठिकाणी दिसते, आणि त्यामुळेच ती मुले आणखी लवकर जातात. त्यांना एखादा ग्राहक किंवा एखादा हिशेब पूर्णपणे सोपवावा, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा प्रकार करू नये आणि दोन वर्षांत इथे काय शिकायला मिळेल हे प्रामाणिकपणे सांगावे.

हे सर्व लागू पडते आहे की नाही हे तीन महिन्यांनी तपासावे. न सांगता झालेले खाडे, सोडून गेलेल्यांची संख्या आणि परत आलेला माल या तीन नोंदी पुरेशा आहेत. त्यांच्या जोडीला, आपण न विचारता किती जणांनी येऊन अडचण सांगितली हेही लिहून ठेवावे. पहिल्या महिन्यात तक्रारी वाढलेल्या दिसल्या तर घाबरू नये. आतापर्यंत मनात ठेवलेले लोक बोलू लागले आहेत, असा त्याचा अर्थ असतो, आणि त्यातील प्रत्येक तक्रारीला त्याच आठवड्यात काहीतरी उत्तर जाईल एवढी काळजी घ्यावी.